अंगमेहनतीच्या माणसाने काय खावं, कधी प्यावं

अंगमेहनत करणाऱ्या माणसाचा थकवा दिसतो दुपारी तीनला, पण त्याची सुरुवात सकाळी सहालाच झालेली असते. उपाशीपोटी घराबाहेर पडायचं, तहान लागेपर्यंत पाण्याला हात लावायचा नाही आणि दुपारी एकदम पोट फुटेस्तोवर जेवून पुन्हा कामाला लागायचं, असा बहुतेकांचा दिवस जातो. खाणंपिणं मिळत नाही असं दर वेळी नसतं. ते उशिरा मिळतं. ते दोन तास अलीकडे आणलं तरी संध्याकाळी घरी येणारा माणूस वेगळा दिसतो, हे मी रोज पाहते.

मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीच्या अंगाला खानावळ चालवते आणि डबे पोचवते. फोर्जिंगमधली, फाउंड्रीतली मुलं, पॅकिंगच्या बायका, पाथर्डी फाट्याकडच्या साइटवरचे गवंडी आणि सेंट्रिंगवाले माझ्याकडे जेवतात. माझे वडील पेठ तालुक्यातून येऊन पंचवटीच्या मार्केट यार्डात हमाली करायचे. माहेरची माणसं आजही द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडकडे छाटणीला आणि खुड्याला येतात. हे लिहिते आहे ते या सगळ्यांसाठी आणि पहाटे उठून त्यांचा डबा भरणाऱ्यांसाठी.

सकाळी घराबाहेर पडण्याआधी

रात्री नऊला जेवलेला माणूस सकाळी चहाबरोबर दोन खारी खातो आणि थेट दुपारी एकला डबा उघडतो. मधे सोळा तास जातात. रात्रभरात शरीराने साठवलेली साखर बरीचशी संपलेली असते, आणि त्यावर आपण पन्नास किलोची गोणी पाठीवर घेतो. अकराच्या सुमाराला हात थरथरतात, चिडचिड होते, डोकं जड होतं. कारागीर म्हणतो, आज मूडच नाही. खरं तर तो भुकेला असतो.

सकाळी कामाला निघण्याआधी दोन भांडी पाणी प्या आणि काहीतरी दमदार खा. रात्रीची भाकरी असेल तर तीच घ्या, दह्यात कुस्करून किंवा शेंगदाण्याच्या चटणीबरोबर. बाजरीची असो, ज्वारीची असो, शिळ्या भाकरीला कमी लेखू नका. पोहे करत असाल तर शेंगदाणे मूठभर घाला, चिमूटभर नको, आणि वरून लिंबू पिळा. अंडी खाणाऱ्याने दोन उकडून घ्यावीत. नाक्यावरचा वडापाव एखाद्या दिवशी ठीक आहे, पण त्यात मैदा, बटाटा आणि तेल, म्हणजे पोट भरतं आणि दोन तासांत पुन्हा रिकामं होतं. त्याच पैशात मिसळ मिळत असेल तर मिसळ घ्या, तर्री कमी आणि मटकी जास्त मागून. मटकी हे कष्टाच्या माणसाचं अन्न आहे.

तंबाखूबद्दल एकदाच सांगते. सकाळी तंबाखू मळली किंवा मिश्री लावली की भूक मरते. भूक मेली म्हणून गरज मरत नाही. माझ्याकडची किती माणसं अशी आहेत की न्याहारीच्या वेळी तोंडात बार असतो आणि डबा दुपारपर्यंत तसाच. सोडता आली तर फारच उत्तम. आज सुटत नसेल, तर निदान आधी खा.

नागलीची आंबील

उन्हाळ्यात माझ्या खानावळीत सकाळी सात वाजता एक मोठं पातेलं आंबिलीचं असतं. पेठ-सुरगाण्याकडे लोक नागलीवरच, म्हणजे नाचणीवरच वाढले. शहरात आल्यावर मात्र तीच माणसं नागली म्हणायला लाजतात आणि बिस्किटाचा पुडा घेतात. १०० ग्रॅम नागलीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, गव्हाच्या पिठाच्या कितीतरी पट. ती पोटात सावकाश पचते, म्हणून बराच वेळ साथ देते. आंबवल्यामुळे तिच्यातलं लोह अंगी लागायला सोपं जातं. शिवाय आंबील प्यायली की पाणी, मीठ आणि अन्न तिन्ही एकदम पोटात जातात. उन्हात काम करणाऱ्याला यापेक्षा चांगली न्याहारी मला तरी ठाऊक नाही.

चार माणसांना पुरेल असं सांगते. रात्री झोपण्याआधी एक वाटी नागलीचं पीठ दीड वाटी ताकात कालवा, गाठ राहू देऊ नका, आणि झाकून ठेवा. एप्रिल-मे मध्ये रात्रभरात छान आंबतं. डिसेंबरात नाशिकच्या थंडीत आंबायला वेळ लागतो, तेव्हा चुलीजवळ किंवा गरम डब्याशेजारी ठेवा. सकाळी पाच वाट्या पाणी उकळा, त्यात ठेचलेला लसूण, जिरं आणि चवीपुरतं मीठ टाका. आच बारीक करून कालवलेलं पीठ एका हाताने ओतत दुसऱ्या हाताने ढवळत राहा. आठ-दहा मिनिटं शिजवा. रंग गडद होतो, चमक येते, कच्च्या पिठाचा वास जातो, की झाली. कोमट झाल्यावर वर आणखी ताक घालून पातळ करा आणि कांदा बारीक चिरून टाका. थर्मासमध्ये भरून नेली तर दहाच्या सुट्टीलाही चालते. ताक घातलेली आंबील मात्र उन्हात प्लॅस्टिकच्या बाटलीत दुपारपर्यंत ठेवू नका, खराब होते.

माझ्याकडे बिहारची काही मुलं जेवतात. ती सातू, म्हणजे भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ आणतात आणि पाण्यात कालवून, मीठ, लिंबू, हिरवी मिरची घालून पितात. तेही तितकंच चांगलं. ते मिळत नसेल तर फुटाणे साल न काढता दळून घ्या, काम तेच होतं.

पाणी तहानेच्या आधी

वडील सांगायचे, यार्डात काही जुने हमाल सकाळी काट्यावर उभे राहायचे आणि काम उरकल्यावर पुन्हा उभे राहायचे. ज्याचं वजन जास्त उतरलं त्याला बाकीचे आधी पाणी पाजायचे. मला ही पद्धत फार शहाणपणाची वाटते, कारण चार-पाच तासांत वजन घटतं ते चरबीचं नसतं, पाण्याचं असतं. एक किलो कमी झालं तर साधारण एक लिटर घाम गेला. वजनाच्या २ टक्के पाणी घटलं की ताकद आणि लक्ष दोन्ही कमी व्हायला लागतात. ६० किलोच्या माणसाला हे म्हणजे सव्वा लिटरच्या आत-बाहेर. उन्हात किंवा भट्टीजवळ जोराचं काम असेल तर तासाला लिटरभर घाम सहज जातो. म्हणजे दीड तास पाणी न पिता काढला, तरी आपण घसरणीला लागलो.

कुठेही काटा असेल, गोदामात, भंगारवाल्याकडे, दुकानात, तर एक दिवस हे करून बघा. त्याच कपड्यांत, काम सुरू करण्याआधी आणि संपल्यावर. स्वतःचा आकडा कळला की दुसऱ्याने सांगायची गरज राहत नाही. जितकं घटलं त्याच्या सव्वा ते दीडपट पाणी रात्रीपर्यंत घोट घोट करून भरून काढायचं, जेवणासोबत, एकदम नाही.

नाशिकची हवा मार्च ते मे कोरडी असते. घाम आला तसा वाळतो, अंग ओलं दिसत नाही, म्हणून माणसाला वाटतं आपल्याला घाम येतच नाही. सदऱ्याच्या पाठीवर आणि टोपीच्या कडेला पांढरे पट्टे बघा. ते मीठ आहे. तुमच्या अंगातून गेलेलं.

तहान हा उशिरा येणारा निरोप आहे. म्हणून घड्याळाकडे बघून प्यायचं. उन्हात दर वीस मिनिटांनी एक पेला, साधारण पाव लिटर. म्हणजे तासाला पाऊण लिटर. फार जोराचं काम असेल तर लिटरभर. तासाला दीड लिटरच्या वर मात्र जाऊ नका. दोन तास काही न पिता मग एका दमात तांब्यावर तांब्या रिचवणं हेही चुकीचं. रक्तातलं मीठ पातळ होतं, मळमळतं, डोकं दुखतं, आणि फारच झालं तर माणूस बरळायला लागतो. घोट घोट, वारंवार.

टोळीने काम करत असाल तर एकाला पाणक्या नेमा. सेंट्रिंगच्या एका टोळीत मी हे सुचवलं आणि त्यांनी ते काम सगळ्यात लहान पोराकडे दिलं. तो दर वीस मिनिटांनी जार आणि पेला घेऊन प्रत्येकाकडे जातो, आणि कुणी नको म्हटलं तरी पेला हातात देतो. माणूस स्लॅबवरून पाण्यासाठी खाली उतरत नाही. पाणी वर गेलं तर पितो. मुकादमांनो, हे तुमच्या हातात आहे. पाणी चढत्या माळ्याला हवं, गेटजवळच्या जारमध्ये ठेवून उपयोग नाही. आणि पिण्याचं स्वच्छ पाणी देणं ही मालकाची कायद्याने जबाबदारी आहे, उपकार नव्हे.

साइटवर सिमेंटला मारायच्या टाकीतलं पाणी पिऊ नका, कितीही गार लागलं तरी. एकदा जुलाब सुरू झाले की तीन दिवसांची मजुरी आणि आठ दिवसांची ताकद जाते. टँकरचं पाणी असेल तर उकळून किंवा ग्रामपंचायतीकडून, आरोग्य केंद्रातून मिळणारं क्लोरीनचं औषध घालून ठेवा. माठाला ओलं गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवला तर बर्फाची गरज पडत नाही. बर्फ कुठल्या पाण्याचा असतो ते आपल्याला दिसत नाही.

लघवीचा रंग ही सगळ्यात सोपी तपासणी. फिकट पिवळी असेल तर ठीक. मोहरीच्या तेलासारखी गडद आणि थोडीच होत असेल तर तुम्ही आधीच मागे पडला आहात. सकाळपासून दुपारपर्यंत एकदाही झाली नसेल तर सावलीत बसा आणि पिऊ लागा.

मीठ, साखर आणि रंगीत बाटल्या

घामाबरोबर मीठ जातं हे खरं. पण दिवसाचं नेहमीचं काम असेल आणि तुम्ही नीट जेवत असाल, तर भाजी-भाकरी, लोणचं, ताक यांतून ते परत येतं. पाण्यात रोज मीठ घालून प्यायची गरज फक्त तेव्हा, जेव्हा दोन तासांहून जास्त वेळ घामाच्या धारा लागतात. भट्टीवर, पत्र्याच्या शेडमध्ये, द्राक्षबागेत एप्रिलच्या खरड छाटणीला, डांबराच्या कामाला. तेव्हा ताकात मीठ-जिरं, लिंबू-मीठ-साखरेचं सरबत, कैरीचं पन्हं, कोकम, यातलं काहीही चालेल. पोटऱ्यांत वांब येत असतील तर ते मीठ-पाणी कमी पडल्याचं लक्षण समजा.

उलटी-जुलाब झाले किंवा माणूस उन्हाने पार गळाला, तर क्षारसंजीवनीची (ओआरएसची) पुडी घ्या. सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. एक पुडी एक लिटर पाण्यात, पूर्ण. अर्धी पुडी ग्लासभर पाण्यात घालायची नाही, त्याने त्रास वाढतो. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या लहान चमच्याने. चवीला अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये.

ज्यांना रक्तदाबाचा किंवा किडनीचा त्रास आहे, त्यांनी हे मीठाचं प्रकरण आधी डॉक्टरांना विचारावं. मधुमेह असेल तर सरबत आणि उसाचा रस सोडून बिनसाखरेचं ताक.

वीस रुपयांची कोल्ड्रिंकची बाटली प्यायल्यावर दहा मिनिटं बरं वाटतं, त्यात गार आणि साखर यापलीकडे काही नाही. अलीकडे नाइट शिफ्टची मुलं एनर्जी ड्रिंकचे डबे घेतात. त्यात साखर आणि कॅफिन. थकवा जात नाही, फक्त कळायचा बंद होतो, आणि मशीनवर उभ्या माणसाला आपण थकलोय हे कळणं फार गरजेचं असतं. प्रेसखाली बोटं गेलेली माणसं माझ्या खानावळीत जेवतात. म्हणून मी हे जीव तोडून सांगते.

चहाला माझा विरोध नाही. दिवसात दोन-तीन कटिंग घ्या. फक्त जेवणाला लागून नको, त्याचं कारण पुढे येतं. आणि रात्री दारू घेतलेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी उन्हात दुप्पट सांभाळावं, कारण तो सकाळी कोरडा होऊनच उठलेला असतो.

बायकांचं पाणी

हा भाग लिहायचा म्हणूनच मी बाकीचं लिहायला घेतलं.

बागेत, साइटवर, शेडमध्ये बायका पाणी पीत नाहीत. त्यांना तहान लागते, बाटलीही असते. पण जायला जागा नसते. सकाळी सातला घरातून निघालेली बाई संध्याकाळी सहापर्यंत थांबून राहते, म्हणून ती पिणंच बंद करते. मग दुपारी डोकं दुखतं, त्यावर गोळी घेते. लघवीला जळजळ होते, ती कुणाला सांगत नाही. ताप येतो तेव्हा कामाचे दोन दिवस बुडतात. आणि सगळे म्हणतात, बायकांना उन्हाचं काम झेपत नाही.

बागायतदारांना माझी विनंती आहे. चार बांबू आणि हिरवी शेडनेट बागेत पडलेलीच असते. बांधाच्या कडेला एक आडोसा उभा करा, आत पाण्याची बादली आणि तांब्या ठेवा. अर्ध्या तासाचं काम आहे. ठेकेदारांनो, पुरुषांसाठी एक आणि बायकांसाठी वेगळं, कडी लागणारं संडास साइटवर द्या. तुमची टोळी दुपारनंतर किती काम करते ते मग बघा. मुकादमबाई असाल तर ही मागणी कामाची बोली ठरवतानाच करा. मजुरी ठरते तेव्हाच पाणी आणि आडोसाही ठरवायचा. नंतर मागितलं की कटकट वाटते.

तोवर जे करता येतं ते करा. घरी निघण्याआधी दोन भांडी पाणी, कामावर पोचल्याबरोबर एक. जोडीने जा, एक उभी राहील. जळजळ, खालून दुखणं, ताप यातलं काही असेल तर दवाखान्यात दाखवा, नुसतं पाणी पिऊन ते बरं होईल म्हणून थांबू नका.

आणखी एक. घरातली बाई सगळ्यांना वाढून शेवटी जेवते, तेव्हा तळाला पातळ वरण राहतं आणि उसळीचा रस. तीही दिवसभर द्राक्षबागेत शेंडा-विरळणी करून किंवा पाट्या वाहून आलेली असते. सकाळी डबे भरताना तिचा डबा पहिला भरा. माझ्या खानावळीतल्या बायकांना मी हा नियमच करून दिला आहे, आधी स्वतःचं ताट बाजूला काढायचं, मग गिऱ्हाइकाचं.

डब्यात काय

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये आकडे दिले. बैठं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला सुमारे २१०० कॅलरी लागतात, जड काम करणाऱ्याला सुमारे ३४७०. बाईला बैठ्या कामाला १६६०, जड कामाला २७२०. म्हणजे हमाल किंवा गवंड्याचं जेवण ऑफिसातल्या माणसाच्या दीडपटीहून थोडं जास्तच हवं. जास्त जेवतो म्हणून कुणी त्याला हसू नये.

पण नुसत्या पोळ्या वाढवून हे भागत नाही. आमच्याकडे डब्यात सहा पोळ्या आणि बटाट्याची भाजी असली की माणूस खूश असतो. त्यात पोट भरतं, स्नायूंची झीज भरत नाही. ६० किलोच्या माणसाला रोज किमान ५० ग्रॅम प्रथिनं लागतात, जड कामाला त्याहून अधिक मिळाली तर चांगलंच. ती महाग असतात हा गैरसमज आहे. मूठभर शेंगदाण्यात सात ग्रॅम, मूठभर फुटाण्यात सहा, एका अंड्यात सहा, वाटीभर घट्ट उसळीत सात-आठ. दोन बाजरीच्या भाकऱ्यांतून बारा-चौदा येतात. सकाळी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, दहाला फुटाणे आणि पेरू किंवा केळ, दुपारी पोळ्या आणि मटकीची किंवा हुलग्याची (कुळथाची) उसळ, चारला गूळ-शेंगदाणे आणि ताक, रात्री भाकरी, पिठलं किंवा वरण. एवढ्यात साठ-सत्तरच्या वर जातं, मटण-चिकनला हात न लावता. हुलगे आपल्याकडे स्वस्त आणि चविष्ट आहेत. शेंगोळे, माडगं करा. सुकट खाणारे असाल तर आठवड्यातून दोनदा कांद्यावर परतून घ्या.

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पैसे संपत येतात तेव्हा लोक सगळ्यात आधी डाळ आणि अंडी कमी करतात, हे मला गिऱ्हाइकांच्या ताटावरून कळतं. शेव-फरसाण आणि पुड्या मात्र चालू राहतात. उलट करा. पैसे कमी असतील त्या आठवड्यात पगाराच्या दिवशीच घेऊन ठेवलेले दोन किलो फुटाणे आणि हुलगे कामाला येतात.

डबा एकदम खाऊ नका. दुपारी दीडला भात-पोळी तुडुंब खाऊन दोनला पुन्हा घण उचलला की सुस्ती येणारच. डबा दोन खणांचा घ्या. एक तृतीयांश दहा-साडेदहाला खा, बाकीचा दुपारी. चारला काहीतरी छोटं. जेवल्यावर वीस मिनिटं सावलीत टेका. पोळी गुंडाळून हातातच खाता येईल अशी दिली तर दहाच्या पाच मिनिटांच्या सुट्टीतही खाल्ली जाते. डब्याच्या पाच भांड्यांपुढे बसायला माणसाकडे वेळ नसतो, हे डबा भरणाऱ्याने लक्षात घ्यावं.

लोह

खूप माणसांचा थकवा, विशेषतः बायकांचा, पाण्याने किंवा पोळीने जाणार नसतो, कारण रक्तात लोह कमी असतं. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० बायकांमागे ५७ जणींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी निघालं. पुरुषांतही चारातला एक. जिना चढताना धाप लागते, पापणी आतून पांढुरकी दिसते, पाळीत जास्त रक्त जातं, सकाळी उठल्यापासूनच अंग गळालेलं असतं, अशी लक्षणं असतील तर प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. बाईचं १२ च्या खाली आणि पुरुषाचं १३ च्या खाली असेल तर कमी समजायचं.

जेवणात बाजरी, हुलगे, मटकी, शेवग्याचा पाला, माठ, चवळीची पालेभाजी, खाणाऱ्यांना कलेजी आणि सुकट. भाजी लोखंडी कढईत करा, तिचं लोह भाजीत उतरतं. आणि प्रत्येक जेवणाबरोबर काहीतरी आंबट, लिंबू, आवळा, पेरू, टोमॅटोची कोशिंबीर. आंबटाने लोह शोषलं जातं. चहाने अडतं. म्हणून जेवण आणि चहा यांत किमान तासाभराचं अंतर ठेवा. डबा खाल्ल्याबरोबर टपरीकडे वळायची सवय ही एकच सवय बदलली तरी फरक पडेल. बीट आणि डाळिंबावर पैसे घालू नका. डाळिंब आपल्या जिल्ह्याचं आणि चवीला सुंदर आहे, पण त्यात लोह फारच थोडं असतं. त्या पैशात महिनाभराचे हुलगे येतात.

डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या तर लिंबूपाण्याबरोबर घ्या, दूध-चहाबरोबर नको. शौच काळी होते, घाबरून बंद करू नका. मळमळत असेल तर जेवणानंतर घ्या, पण घ्या.

थंडी आणि रात्रपाळी

निफाडकडे डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहा अंशांवर येतो तेव्हा बागेत कुणालाच तहान लागत नाही. काम चालू असतं, श्वासातून आणि घामातून पाणी जातच असतं. थंडीत कोमट पाणी, हुलग्याचं गरम माडगं, आलं घातलेलं पाणी प्या. उन्हाळ्याइतकं नाही, पण तास-दीड तासाला एक भांडं.

रात्रपाळीला मुख्य जेवण कामावर जाण्याआधी करा. मध्यरात्री हलकं, उसळ-पोळी किंवा अंडी, आणि तीनच्या सुमाराला फुटाणे-केळ. रात्री दोननंतर चहा नको, म्हणजे सकाळी झोप लागते.

खाण्यापिण्याच्या पलीकडचा थकवा

दोन-तीन आठवडे नीट खाऊन-पिऊन, झोपूनही अंग उठत नसेल तर रक्तातली साखर आणि थायरॉइड तपासा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणं यांपैकी काही असेल तर थुंकी तपासा. क्षयाची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत.

उन्हात काम करणारा माणूस अडखळत चालायला लागला, भलतंच बोलायला लागला, अंग चटका बसेल इतकं तापलं, तर हा थकवा नाही, उष्माघात आहे. घाम येत असो वा नसो. लगेच १०८ ला फोन लावा. गाडी येईपर्यंत सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, मान, काखा आणि जांघेत ओलं गार फडकं ठेवा. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका, श्वासात जातो.

असा झटका बसतो तो बहुतेक वेळा नव्या माणसाला. गावाहून नुकताच आलेला, लग्नासाठी पंधरा दिवस घरी जाऊन परतलेला, आजारातून उठलेला. अंगाला उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. म्हणून पूर्ण नवीन माणसाला पहिल्या दिवशी उन्हातलं काम पाचव्या हिश्श्याइतकंच द्या, रोज तेवढंच वाढवत न्या, पाचव्या दिवशी पूर्ण. मधल्या काळात त्याला सावलीतलं काम द्या, सळ्या वाकवायचं, जाळ्या धुवायचं, आणि पाणक्याला सांगून ठेवा की ह्याच्याकडे दर वेळी आधी जायचं.